मायनं शिवलेला मास्क आणि हुकलेलं जहाज

आणि पुन्हा तेच. पळून गेलो म्हणे. बा, पळून जाणारा माणूस आठ दिवस आधी सांगतो का? लसीच्या दोन्ही डोसच्या कागदांना लॅमिनेशन करून घेतो का? मेंढरांमागं माणूस लावून, त्याचा पगार ठरवून जातो का? तीन वर्षं झाली, तू एकच वाक्य धरून बसलास, "धनगरानं चालावं, पाण्यावर बसून राहू नये." मी तिथं बसत न्हाई बा. दहा तास उभा राहून चादरी धुतो.

ज्यांना हे भांडण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोंगरकडा आणि आखाडा बाळापूरच्या मधात आमची वाडी. शाळा आठवीत सुटली, का सुटली ते मास्तरला विचारा. मी मोठ्या प्रवासी जहाजाच्या लाँड्रीत कामाला असतो. बाची साठ-पासष्ट मेंढरं आहेत आणि त्याचा उजवा गुडघा गेलेला आहे. पहिल्यांदा निघालो तेव्हाच त्यानं अट घातली होती, "तुझ्या जागी माणूस ठेव, मग जा कुठंबी." तो माणूस म्हणजे सोपानमामा, मायचा चुलतभाऊ. महिन्याला आठ हजार. पाऊस संपला की तो मेंढरं घेऊन गावोगाव चालतो, लोकांच्या शेतात खतासाठी बसवतो. माझं जहाज चालू तर सोपानमामा चालू. जहाज बंद पडलं तर कळप विकायचा, कारण बाला चालवत नाही आणि मी घरी दोन महिने टिकत नाही. हे मला माहीत आहे, बाला त्याहून जास्त माहीत आहे.

आपल्या भागातली बरीच पोरं मेसेज करून विचारतात, "भाऊ, जहाज चालू झालं का? कसं जायचं? भेव वाटत न्हाई का?" तर यंदाच्या जानेवारीत काय झालं ते लिहून राहिलो. वाचा आणि मग ठरवा.

आधी भेवाचं सांगतो. बिमारी पहिल्यांदा आली तेव्हा मी जहाजावर होतो. प्रवाशांना उतरवलं, आम्हाला ठेवलं. कोणतंच बंदर घेईना. खालच्या मजल्यावर बिनखिडकीची खोली, दारापासून बेसिनपर्यंत चार पावलं. जेवण दाराबाहेर ठेवून माणूस पळून जायचा. त्रेचाळीस दिवस. समुद्र बघायच्या आधी मी एवढं मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरणच बघितलं होतं, आणि त्याला निदान पलीकडचा काठ तरी होता. मायला मी रोज सांगायचो, बंदराला लागलो, उद्या उतरतो. बिमारीपेक्षा मला छतातल्या स्पीकरचं भेव बसलं. कप्तान बोलायच्या आधी तो "टिंग" वाजायचा, आणि त्यानंतर कधीच चांगली बातमी आली नाही. आजही बँकेत टोकनची टिंग वाजली की मी आधी दाराकडं बघतो.

त्यानंतर कंपनीचं दोनदा बोलावणं आलं आणि दोनदा रद्द झालं. सोपानमामाचा पगार मी पुण्यात गोदामात हमाली करून भागवला. तिसऱ्यांदा मेसेज आला, की आठ दिवसांत मुंबईत हजर व्हा, हॉटेलात वेगळं राहा, टेस्ट निगेटिव्ह आली तर जहाज. मुंबई, कोचीन, लक्षद्वीप आणि परत. त्याच आठवड्यात टीव्हीवर पुन्हा आकडे वाढून राहिले होते. या खेपेला आलो नाही तर यादीतून नाव काढू, असंही लिहिलं होतं.

निघायच्या दिवशी मायनं कपाळाला भंडारा लावला, चिमूटभर जिभेवर ठेवला. आमच्याकडे भंडारा विकत आणत नाहीत, घरच्या हळदीचा असतो. आणि आमच्या भागातली हळद कशी असते ते मी हिंगोलीच्या माणसाला सांगायला नको. एकदा बोटाला लागली की आठवडाभर हात लपवून फिरावं लागतं.

"जहाजात देव हाय का?" मायनं विचारलं.

"कोपऱ्यात फोटो लावता येतो."

"फोटो न्हाई इचारला मी."

मग तिनं जुन्या लुगड्याचा शिवलेला मास्क काढला, चांगला जाड. "आतून हा घाल. वरून तुमचा निळा घाल. अन् काढू नको बरं का, मुंबई येईस्तोवर."

एसटीचा संप चालू होता, म्हणून फाट्यावरून काळी-पिवळी जीप धरली. नेहमीपेक्षा दुप्पट भाडं, आणि चौघांच्या जागेत सहा. अर्धापूर यायच्या आत मला शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच. जीपमध्ये जागा नव्हती तिथं जागा झाली.

"ओ भाऊ," मागचा एक जण म्हणाला, "शिंकायचं असल तर खाली उतरून शिंका."

"उतरला तर भाडं वापस न्हाई," ड्रायव्हरनं आरशातून सांगितलं.

शेजारची म्हातारी तेवढी हलली नाही. "कुठं चाललं लेकरू?"

"मुंबईला, आजी. जहाजावर."

"ह्या दिवसात? माय न्हाई का तुला घरी?"

नांदेडहून रेल्वे. तेव्हा रिझर्वेशनशिवाय चढू देत नव्हते, तिकीट चार दिवस आधी काढून ठेवलं होतं म्हणून बरं. जेवणाच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि कोरडं बेसन होतं, पण घशात खवखव होती, घास उतरेना. वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडलो. शिंका उशीत दाबल्या. नाक जळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मनात म्हणालो, लागली. मला बिमारी लागली. आता टेस्ट, मग यादीतून नाव, मग बाजारात मेंढरं. मनमाड येईपर्यंत मी ती मेंढरं तीनदा विकली होती.

हॉटेल कंपनीनं दिलेलं. प्रत्येकाला वेगळी खोली, दार उघडायचं ते फक्त जेवण घ्यायला. समोरच्या खोलीत रत्नागिरीकडचा एक पोरगा होता, संदेश. ताट उचलायला वाकलो की आमच्या गप्पा व्हायच्या.

"मी वेटिंगला आहे," पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं. "लाँड्रीतला कोणी गळला तर मी चढणार. तुझी तब्येत कशी आहे?"

"चांगली हाय."

"मग शिंकतोस कशाला? उगाच माणसाला आशा लावू नको."

तो हसला, मीपण हसलो. दार लावून घेतलं आणि नाकावर ओला रुमाल धरून बसलो.

टेस्टवाला पांढऱ्या पोशाखात आला. काडी माझ्या नाकात घातली, फिरवली, बाहेर काढली आणि उजेडात धरली. काडी पिवळीधम्मक.

"हे काय आहे?"

"काय माहीत, साहेब."

"नाकानं हळद खातोस का?" त्यानं दुसरी काडी घातली. तीही पिवळी. "हा नमुना लॅब घेणार नाही. नाक धू, उद्या परत घेतो."

"उद्या? यादी आज संध्याकाळी बंद होते, साहेब."

"यादीचं मला काय सांगतोस," तो म्हणाला. खरंच, त्याला काय सांगायचं.

मायचा मास्क घेतला आणि कात्रीनं उसवला. दोन पदरांच्या मधात, बरोबर नाकासमोर, बारीक टाके घालून एक पुरचुंडी शिवलेली होती. भंडारा. डोंगरकड्यापासून मुंबईपर्यंत मी देव नाकानं ओढत आलो होतो. बिमारी नव्हती. पण हे सांगायचं कुणाला आणि मानणार कोण? ऑफिसात फोन केला तर तिथला साहेब म्हणाला, "रिपोर्ट आहे का? नाही ना? मग विषय संपला."

मायला फोन लावला. "माय, मास्कात काय शिवलंस?"

"भंडारा. काहून? टोचून राहिला का?"

"न्हाई. मऊ हाय, म्हणून सांगून राहिलो."

संध्याकाळी समोरचं दार उघडलं. संदेश बॅग घेऊन उभा होता. या खेपेला तो हसला नाही. "मी काही मागितलं नव्हतं रे," म्हणाला. मी म्हणालो, जा. दुसऱ्या दिवशी माझी टेस्ट निगेटिव्ह आली. जहाज सकाळीच गेलं होतं.

इथं एक गोष्ट खरी लिहितो. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलंही. सोपानमामाला काय सांगू, बाला काय सांगू, हे घोळत होतंच. पण जिना उतरताना पाय हलके झाले होते, गळ्यातलं दावं कुणी कापावं तसे. त्याची लाज अजून गेली नाही.

कंपनीनं थांबायला सांगितलं, थांबलो. चौथ्या दिवशी संदेशचा फोन आला.

"मेंढपाळा, आम्ही बाहेर उभे आहोत."

"कुठं बाहेर?"

"बंदराच्या बाहेर. सतरा जण निघाले पॉझिटिव्ह. आत घेत नाहीत. खोलीत कोंडलंय सगळ्यांना."

त्यानं खोलीचा नंबर सांगितला. कंपनीनं मला दिलेल्या पत्रावर छापलेला तोच नंबर. तेवढ्यात त्याच्या फोनमधून आवाज आला. टिंग. मी फोन बंद केला. मुद्दाम केला. बोट आपोआप गेलं असं म्हणणार नाही.

त्यानं परत लावला. "कट झाला वाटतं," म्हणाला. मी म्हणालो, व्हय. मग मी फोन धरून राहिलो. मला जे कळलं होतं ते सगळं सांगितलं. दिवसा झोपू नको. दार ते बेसिन चाल, जेवणाआधी शंभर चकरा मार. घरी खोटं सांगत असशील तर एकच खोटं सांग, रोज बदलू नको. स्पीकर वाजला की आधी पाणी पी, मग ऐक.

"तुझी जागा आहे ही," तो म्हणाला. "ये, घेऊन जा." हसला आणि मग बराच वेळ खोकला.

आठव्या दिवशी कंपनीनं मला घरी पाठवलं. बोलावू म्हणाले. परतीची रेल्वे, परतीची काळी-पिवळी, या खेपेला एकही शिंक नाही. वाडीच्या तोंडाशी बा काठी टेकून उभा. "तिथंच थांब," म्हणाला.

आमच्यात बाजारातून आणलेलं मेंढरू लगेच कळपात सोडत नाहीत. आठ दिवस वेगळ्या वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात ठेवतात. नाक गळतं का, पाय ओढतं का, चरतं का, हे बघतात. बाळापूरच्या बाजारातून आणलेली एक मेंढी आधीच तिथं होती. तिच्या शेजारी माझी बाज टाकली. रिपोर्ट दाखवला तर बा म्हणाला, "कागद मेंढीचाबी व्हता."

पण रोज संध्याकाळी तो वीस पावलांवर दगडावर येऊन बसायचा. जन्मात बोलला नाही इतका त्या आठ दिवसांत बोलला. मी त्याला संदेशचं सांगितलं.

"त्याला खायला कोण देतं?"

"दाराबाहेर ठेवतात."

"आमी बी तसंच करतो." मग त्यानं विचारलं, "तुझ्या जागी गेला का तो?"

"व्हय."

बा मेंढीकडं बघत राहिला. "सोपान बी," म्हणाला, आणि काठी धरून उठला.

 

मायला मास्काचं खरं सांगितलं. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "देवानंच थांबवलं तुला."

"मग संदेशला काहून न्हाई थांबवलं, माय?"

ती भाकर ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी कागदाची पुडी घेऊन आली. "हे त्या पोराला धाड. नाकात न्हाई, कपाळाला म्हणावं."

खोलीत कोंडल्यापासून तेराव्या दिवशी जहाज आत घेतलं. संदेशला ताप होता, दवाखान्यात आठवडा काढून तो घरी गेला. बरा आहे, पण वास येत नाही म्हणतो, आईनं तळलेले बांगडे कागदासारखे लागतात. नांदेडहून कुरिअरनं पुडी पाठवली, साठ रुपये लागले. त्याचा फोन आला, "पिवळं दिसतंय, वास नाही. तुझी जागा रिकामी झालीय. मी परत नाही जाणार." दोन दिवसांनी कंपनीचाही फोन आला.

जाऊ का, असं मी पहिल्यांदा बाला विचारलं. आधी फक्त सांगायचो. तो म्हणाला, "सोपानचे पैसे पयल्या तारखेला यायला पायजेत. तो चालून राहिला तवर तू तिथं."

आता पोरांनो, तुमच्यासाठी. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही, आणि सुरक्षेचा कोर्स, हे तिन्ही हातात असल्याशिवाय कोणत्याही एजंटला रुपया देऊ नका. घरचा मास्क घालायचा तर आधी उसवून बघा. आणि भेव वाटतं का, तर वाटतं. मी हे त्याच खोलीतून लिहून राहिलो. बाजेच्या आकाराचा पलंग, वर स्पीकर. पलंगाच्या फळीला कुणीतरी चमच्यानं तेरा रेघा ओढल्यात. मी त्यांवर टॉवेल टांगतो, आणि झोपताना काढतो. झाकून झोप येत नाही. काल टिंग वाजली. आधी पाणी प्यायलो, मग ऐकलं. उद्या कोचीन, एवढंच होतं.

बा, तुझा मुद्दा मला मान्य न्हाई, आणि सोडवतही न्हाई. ह्या महिन्याचे पाठवून राहिलो. आठ सोपानमामाचे, त्याच्या हातात दे, आणि माझ्या जागी चालतो म्हणून त्याला चांगल्या चपला घ्यायला वरचे एक. एकूण नऊ हजार रुपये.