सेकंदाला पाच ठोके

सदाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचे सात वाजायची वाट बघत होतो. एका हातात वडिलांचं चावीचं घड्याळ, दुसऱ्या हातात मोबाईल. रोज सातला दोन्ही ताडून बघायचे आणि फरक वहीत लिहायचा, ही सवय सदाभाऊंनीच लावलेली. तेवढ्यात कान्हे गावाहून त्यांच्या मुलीचा फोन आला, "मास्तरकाका, भाऊ गेले..." त्या दिवशीची नोंद वहीत नाही.

मी तळेगावचा, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. नऊ वर्षांपूर्वी घड्याळ अडखळायला लागलं म्हणून कान्ह्याला सदाभाऊंकडे गेलो. घराच्या ओसरीतच त्यांचं दुरुस्तीचं टेबल होतं. घड्याळ कानाला लावून म्हणाले, "सेकंदाला पाच ठोके. जुन्या मशीनचा ठोका आसाच निवांत आसतो, मास्तर." महिन्याभराने ते ठणठणीत करून दिलं आणि तेव्हापासून माझा रविवारचा चहा त्यांच्याकडे ठरला. वडिलांबद्दल मी भरभरून बोलायचो, घड्याळ चालतंय म्हणजे ते घरातच आहेत म्हणायचो. सदाभाऊ खाली मान घालून काम करत राहायचे. मला वाटायचं, ऐकताहेत.

घड्याळाची अचूकता घरीच मोजावी असं मनात आलं तेव्हा सल्ला अर्थात त्यांचाच घेतला. एक होतं ठोके ऐकणारं मोबाईलमधलं ॲप. "पंखा फिरला तरी त्याला घड्याळच वाटंल," म्हणाले. दुसरा होता घड्याळाला लावून लॅपटॉपला जोडायचा चिमटा. "त्येच्यासाटी लॅपटॉप उगडून बसनार का तुमी?" तिसरी छोटी पेटी. तिच्या मायक्रोफोनवर घड्याळ ठेवलं की ठोके ऐकून ती दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते पडद्यावर दाखवते. मला तीच हवी होती. तर हा माणूस एकदम चिडला. "दवाखाना काडायचाय का? सातला मोबाईल बगा, वहीत लिवा. लय झालं." जाणकाराचा शब्द म्हणून मी पेटीचा विचार सोडला. विज्ञानाचा मास्तर मी, मोजायला भिणाऱ्या माणसाला एकदाही 'का?' म्हणून विचारलं नाही!

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी ती पेटी मागवली. विचारायला आता कुणी नव्हतं. घड्याळ ठेवलं. दिवसाला सहा सेकंद पुढे, म्हणजे उत्तमच. पण शेजारी आणखी एक आकडा होता, तासाला एकवीस हजार सहाशे ठोके. सवयीने भागाकार केला. सेकंदाला सहा. तीनदा केला, सहाच... लोणावळ्यातल्या एका कारागिराकडे जाऊन मागचं झाकण उघडून घेतलं. "डायल जुनीच आहे काका, काटेही. मशीन मात्र दुसऱ्या घड्याळाचं बसवलंय," तो म्हणाला.

तसाच कान्ह्याला गेलो. वहिनी, सदाभाऊंच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. मी नुसतं घड्याळ पुढे धरलं, तर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "मशीन साफ करताना त्यांच्या हातनं खाली पडलं. तुमी वडलांचं म्हनून येवडं बोलायचा, त्यांना सांगवंना."

"मग जुनं मशीन कुठंय?"

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "न्हाई ऱ्हायलं. ह्याला चाक, त्याला स्प्रिंग... लोकांच्या घड्याळात लागत गेलं."

म्हणजे वडिलांचं घड्याळ मावळात कुणाकुणाच्या मनगटावर तुकड्यातुकड्यांनी चालतंय, आणि मी नऊ वर्षं त्याच ओसरीत बसून, त्याच माणसाला, वडिलांचा म्हणून हा ठोका ऐकवत होतो. केसाने गळा कापला, दुसरा शब्द नाही. पडलं ते पडलं, चूक सगळ्यांच्याच हातून होते. पण ती पेटी घेऊ दिली नाही, ते विसरता येत नाही. सदाभाऊ, सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, महिनाभर तोंड दाखवलं नसतं. पाचव्या रविवारी आलोच असतो की. एवढाही भरवसा नव्हता तुम्हाला?

घड्याळ अजून मनगटावर आहे. काढून ठेवावं म्हटलं, जमलं नाही. पण आता चावी देताना वडील आठवत नाहीत. खाली मान घालून बसलेला हा माणूसच डोळ्यांपुढे येतो. वडिलांची तेवढी एक जागा होती, तीही यांनी घेतली.