पेटी आणि कर्णा

गिटारच्या लहान पेटीला तापायला अर्धं मिनिट लागायचं. बटण दाबलं की लगेच काही होत नसे. आधी मागच्या जाळीतून तीन व्हॉल्व्ह तांबूस दिसू लागत, मग तापलेल्या धुळीचा वास येई, आणि शेवटी स्पीकरमधून अगदी बारीक घुमणं सुरू होई. तेवढा वेळ मी गिटार मांडीवर आडवी घेऊन, डाव्या हातात पोलादी दांडी धरून बसलेली असे. त्या अर्ध्या मिनिटात घरातलं कुणी मला काही विचारत नसे. दिवसभरात असा दुसरा वेळ मला मिळाल्याचं आठवत नाही.

वडील मुळशीच्या धरणावर ओव्हरसियर होते. मला त्यांनी पुण्याला कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात ठेवलं होतं. तिथं दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या गेल्या. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, आणि बोलणं भागच पडलं तर इंग्रजीत, हळू आवाजात बोलायचं. गिटार शाळेनं शिकवली नाही. ती संगीताच्या बाईंनी शाळा सुटल्यावर आपल्या खोलीवर शिकवली. मॅट्रिकच्या वर्षी बाई कायमच्या परदेशी, बहिणीकडे निघाल्या. सामानात मावेना म्हणून त्यांनी गिटार मला दिली आणि तिच्याबरोबर हा लहान ॲम्प्लिफायर. लाकडी पेटी, पुढे विणलेलं तपकिरी कापड, वर दोनच बटणं. “ही फक्त गिटारसाठी केलेली आहे,” बाई म्हणाल्या. “हिच्याकडून दुसरं काम करून घेऊ नकोस.” मला ते तेव्हा विनाकारण गंभीर वाटलं होतं.

मॅट्रिक होऊन मी धरणावरच्या वसाहतीत परत आले. पुढच्या शिक्षणाचं “बघू” असं ठरलं होतं. आमच्या घरात “बघू” म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. सकाळी आईच्या हाताखाली काम, दुपारी पेटी. वसाहतीत वीज होती, म्हणून ती चालायची. पाण्यापलीकडच्या वाड्यांत वीज नव्हती. धरणातली वीज डोंगर उतरून मुंबईला जायची आणि पलीकडे रॉकेलच्या चिमण्या लागायच्या, हे आम्हा सगळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की त्याबद्दल कुणी बोलतही नसे.

वडिलांना एकाच कामाच्या वस्तू आवडत नसत. त्यांच्या टेबलाचा पलंग व्हायचा, त्यांच्या काठीत छत्री होती, छत्रीच्या मुठीत होकायंत्र होतं. पेटीकडे त्यांनी पहिल्या दिवशीच संशयानं पाहिलं.

“हिच्यात माईक लागतो का?”

“लागेल. पण चांगला नाही वाटणार.”

“ग्रामोफोन?”

“नाही.”

“बॅटरीवर?”

“नाही, बाबा.”

“म्हणजे लाइट गेली की ही मुकी.” त्यांनी चष्मा पुसला. “आणि लाइट असली की तुझ्यापुरती.”

गणपतीत वसाहतीच्या कार्यक्रमाला उरवड्याचा एक कर्णेवाला यायचा. ठेंगणा, बोलका, कानामागे पेन्सिल. त्याच्याकडे एक मोठा ॲम्प्लिफायर होता. हिरव्या पत्र्याचा, ट्रंकेएवढा, सहा व्हॉल्व्हचा, दोन माईक आणि ग्रामोफोन लागणारा. विजेवरही चालायचा आणि मोटारीच्या बॅटरीवरही. वर बांबूला बांधायला ॲल्युमिनियमचा कर्णा. त्या वर्षी त्यानं आमच्या व्हरांड्यात माझी पेटी पाहिली. वाकून, मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह वाचले, कापडाला बोट लावलं, आणि काहीच न बोलता चहा प्यायला. त्याचं न बोलणं मला खटकलं. कमी बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं न बोलणं लवकर कळतं.

थंडीत तो परत आला, मोठं मशीन बैलगाडीत घालून.

“साहेब, अदलाबदल करू. ही पेटी माज्याकडं आली तर पडूनच ऱ्हाईल, पन तुमच्यासाठी घेतो. ह्ये मशीन म्हंजी सगळ्या कामाचं हाय. सभा म्हना, पूजा म्हना, लगीन म्हना. लाइट गेली तरी थांबायचं न्हाई.”

“आणि हिची गिटार?” आईनं दारातून विचारलं. एवढं विचारणारी घरात तीच होती, हे इथं लिहायलाच हवं.

“वहिनीसाहेब, गिटार तर वाजंलच की. चार गावात वाजंल.”

वडिलांनी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि मला म्हणाले, “वाजवून बघ. घाई नाही.” ते अन्यायी माणूस नव्हते. त्यांना तपासून निर्णय घ्यायला आवडायचं.

मी दोन्हींवर एकच धून वाजवली. पेटीत सहाही तारा वेगळ्या ऐकू यायच्या. जाड तार वाजली की तिचा आवाज आधी लाकडात उतरायचा आणि मग बाहेर यायचा. आवाजाचं बटण अर्ध्यापर्यंत असलं तर स्वर स्वच्छ, त्याच्या पुढे नेलं की त्याला थोडी खरखर यायची, रडून झाल्यावर बोलणाऱ्या माणसाच्या गळ्याला असते तशी. तार हळू छेडली की खरखर जायची, जोरात छेडली की यायची. ते सगळं बोटात होतं. दुसऱ्या बटणानं आवाज मऊ किंवा धारदार व्हायचा. एवढ्या दोन बटणांत मला कितीतरी आवाज सापडले होते, पण ते सगळे गिटारचेच होते, आणि वडिलांच्या हिशेबी ते सगळे मिळून एकच काम होतं.

हिरव्या मशीनमध्ये गिटारची वायर माईकच्या भोकात घालावी लागली. खालच्या तीन जाड तारा कर्ण्यात शिरून तिथंच नाहीशा झाल्या. वरच्या तीन बाहेर आल्या त्या पिपाणीसारख्या. हळू छेडलं काय, जोरात छेडलं काय, मशीनला सारखंच. मध्ये मध्ये एक गुरगुर यायची, ती विजेवर जाड असे आणि बॅटरीवर बारीक.

मी मान वर केली. वडील माझ्याकडे नाही, मशीनवरच्या भोकांकडे बघत होते.

“आवाजात फरक आहे,” मी म्हणाले.

“असणारच. पण फरक म्हणजे किती? आपण लांबून ऐकलं पाहिजे. जवळून सगळंच चांगलं वाटतं.”

आमच्या भागात कर्णा ठरवायची एक पद्धत होती. जत्रेची, लग्नाची सुपारी द्यायच्या आधी कर्णा लावून बघत आणि एका माणसाला पलीकडच्या वाडीला उभं करत. आवाज पोचला की त्यानं फडकं हलवायचं. फडकं हललं की सुपारी पक्की. वडिलांना ही पद्धत फार आवडली. बाहेरून आलेल्या माणसाला गावची एखादी पद्धत आवडते तशी. मलाही ती तेवढीच, ऐकून माहीत होती.

रविवारी सकाळी होडीवाल्याला पांढरं फडकं देऊन पाण्यापलीकडे पाठवलं. वय झालेला, काटक माणूस. त्याची जुनी वाडी आणि खाचरं त्या पाण्याच्या तळाशी होती आणि तो त्याच पाण्यावर होडी चालवत असे. आमच्या घरासमोर पाण्याचा चिंचोळा फाटा आत आला होता, त्यामुळे समोरचा काठ फार दूर नव्हता. वारा नव्हता. पाणी हलत नव्हतं.

आधी पेटी. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. ती पेटी घरात राहावी यासाठी मला जे काही म्हणायचं होतं ते मी वाजवण्यात घातलं. दुसरीकडे कुठं घालायची मला सवयच नव्हती. इतकं चांगलं मी आधी वाजवलं नव्हतं आणि नंतर तर प्रश्नच आला नाही. सहा-सात मिनिटं झाली. वडील कपाळावर हात आडवा धरून समोर बघत होते. पलीकडे होडीवाला उभा होता. फडकं त्याच्या खांद्यावर होतं, ते तिथंच राहिलं.

“पोचत नाही,” वडील म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असावं. आवाज नरम होता.

मग कर्णा. मी तीच धून वाजवली. फडकं हललं नाही. क्षणभर मला आशा वाटली. तेवढ्यात कर्णेवाल्यानं माझ्या गिटारची वायर काढून माईक लावला आणि तोंडाशी धरला. “हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. पलीकडं आवाज येतोय का?” फडकं लगेच हललं. दोनदा, तीनदा. व्हरांड्यात जमलेली वसाहतीतली माणसं हसली, एकानं टाळ्या वाजवल्या.

“बघ,” वडील माझ्याकडे वळले. “तुझं काय म्हणणं आहे? तुझी वस्तू आहे. तू सांग.”

त्यांनी विचारलं होतं. हे मी स्वतःपासून लपवून ठेवत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, गिटार मांडीवर होती, आणि मला सांगायचं होतं की लांबून काय ऐकू येतं त्याचा आणि गिटारचा काही संबंध नाही. मी म्हणाले, “इट्स ऑल राइट.”

वडिलांना माझं इंग्रजी आवडायचं. ते खूश झाले.

पेटी बैलगाडीत गोणपाटाखाली ठेवून गेली. पुढे कुणीतरी सांगितलं की कर्णेवाल्यानं ती महिन्याच्या आत कॅम्पातल्या एका हॉटेलच्या बँडला दिली. त्याच्याकडे ती पडून राहणार नाही, एवढं मला त्याच्या चहा पिण्यावरूनच कळलं होतं.

हिरवं मशीन खरोखर सगळ्या कामाचं निघालं. सत्यनारायण, हळदीकुंकू, झेंडावंदन, हरवलेली गाय, पाण्याचा नळ बंद राहील अशी सूचना. गिटार त्यावर एकदाच वाजली, पुढच्या गणपतीत. एका साहेबांच्या पत्नी आईला म्हणाल्या, “मुलगी पिपाणी छान वाजवते हो.” त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं होतं. नंतर मी काही दिवस मशीनशिवाय वाजवून पाहिलं. विजेच्या गिटारचं लाकूड भरीव असतं, त्यात नुसत्या तारांचा आवाज मच्छर गुणगुणल्यासारखा येतो. मी हनुवटी लाकडाला टेकवून हाडांतून ऐकायची. एकदा वडिलांनी मला तसं बघितलं आणि विचारलं, “दात दुखतो का?” त्यानंतर गिटार कपाटावर गेली.

पावसाळा संपल्यावर आई आणि मी होडीनं पलीकडे तांदूळ बघायला निघालो. आई छत्री धरून मागे बसली होती. अर्ध्या पाण्यात होडीवाला म्हणाला,

“ताई, ते तुमचं मांडीवरचं वाजवनं बंद झालं जनू?”

“तुम्हाला काय माहीत माझं वाजवणं?”

“काय म्हंजी? त्या दिशी ऐकलं की. पयल्यांदा वाजीवलं ते. पान्यावरनं सरळ आलं. लई ग्वाड. म्हस पान्यात उतरत व्हती, ती बी उभीच ऱ्हायली.”

माझ्या हातातली पिशवी मी घट्ट धरली. “मग फडकं का नाही हलवलंत?”

त्यानं वल्हं थांबवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू एवढं शिकून मला एवढं कळू नये.

“तुमी काय बोललाच न्हाई की! फडकं बोलन्याला असतंय. काय बोललं ते समाजलं की हलवायचं. त्या बाबानं एक-दोन-तीन म्हनलं, समाजलं, हलीवलं. वाजवन्याला कोन फडकं हलवतंय? वाजवनं ऐकायचं असतंय.”

“आणि कर्ण्यातून मी वाजवलं ते?”

“ते तुमी व्हता व्हय? मला वाटलं, कोन बादली घासतंया.”

आई मागून हसली आणि मग एकदम हसायची थांबली.

त्या दिवशी जेवताना मी वडिलांना सगळं सांगितलं, मराठीत, एका दमात. माझ्या आयुष्यातलं त्यांच्यासमोरचं सर्वांत लांब बोलणं ते. त्यांनी घास ताटात ठेवला. ते खरोखर अस्वस्थ झाले. “पण मी तुला विचारलं होतं,” ते म्हणाले. “तेव्हाच बोलायचं होतंस.”

“बोलली ना,” आई म्हणाली. “इंग्रजीत.”

 ताक वाढलं गेलं.

महिन्याभरानं धरण बघायला परदेशी पाहुणे येणार होते. वडिलांनी स्वागताचे चार शब्द टाइप करून आणले. वसाहतीत चांगलं इंग्रजी माझंच. व्हरांड्यातल्या त्याच पायरीवर मला उभं केलं, बांबूवर कर्णा बांधला, हिरवं मशीन तापलं. “जरा मोठ्यानं,” वडील म्हणाले, “आणि आधी आवाज तपासून घे.”

मी माईक तोंडाशी धरला. “हॅलो. एक, दोन, तीन.”

समोरच्या काठावर होडीवाला होडीतून उतरत होता. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि मला दिसावं म्हणून हात अगदी उंच करून हलवलं.

“उत्तम,” वडील म्हणाले. मी कागद उघडला आणि वाचायला लागले.