हिरवी बटणं

सकाळी धुकं असं दाटलं होतं की काचेबाहेरचा विजेचा खांबही दिसेना. सलूनवाल्याने शटर वर केलं, आरशावरचा दमटपणा पुसला, वस्तरे कढत पाण्यातून काढले आणि मग खुर्चीशेजारच्या फळीवरच्या काचेच्या टाकीत लोटीभर गोडं पाणी ओतलं. टाकी खाऱ्या पाण्याची. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज भर घालायची. हे बायकोने शिकवलेलं. टाकी तिचीच. दोन मासे, एक दगड आणि दगडावर हिरवी बटणं, म्हणजे प्रवाळाची बारकी फुलं, दिवा लागला की उघडणारी. पोरबाळ नव्हतं. गिऱ्हाइकं थट्टेने विचारायची, वहिनींची पोरं जेवली का?

आता ती माडीवर अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तो ताट घेऊन वर गेला की एकच प्रश्न: बटणं उघडली का?

"उघडली की," तो म्हणायचा.

खरं तर बटणं उरलीच नव्हती.

ती आजारी पडली त्याच सुमारास दगडावर एक तपकिरी कोंब आला होता. बारीक देठ, वर केसांसारखा झुबका, बोट नेलं की आत पळणारा. आधी त्याला कौतुकच वाटलं. मग झुबका बटणांना टेकला आणि तेवढी बाजू मिटून गेली. हातात वस्तरा असलेल्या माणसाला सगळं खरवडण्यासारखंच दिसतं. त्याने दगड बाहेर काढला आणि कोंब दाढीसारखा तासला. बायकोला विचारलं नाही. तिच्या जिवाला आणखी घोर कशाला? आठवडाभरात एकाचे डझनभर झाले.

माशांच्या दुकानातल्या बाईने ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाली, ही दाढी नव्हे, याचा कण राहिला तरी त्यातून नवा उगवतो. ही डंख मारणारी फुलं. यांना खाणारी लाल रेघांची कोळंबी असते, पण सरळ पाठीची बघून घ्या. कुबडवाली बटणंच खाते. तिच्याकडची संपली होती. पुढचा माल येईपर्यंत थांबा म्हणाली.

थांबायला वेळ कुठे होता? माडीवर दिवस मोजून मिळत होते. तो दुसऱ्या दुकानात गेला. दोन्हींची जात एकच, असं तिथल्या दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं. पिशवीतल्या कोळंबीच्या पाठीचा उंचवटा त्याला दिसला होता. गारठून आकसली असेल बिचारी, असं त्याने मनाला समजावलं. गरजवंताला अक्कल नसते.

कोळंबीने त्या डंखवाल्या फुलांना तोंडही लावलं नाही. बटणं मात्र एकेक करून वेचून खाल्ली. दगडावर झुबके राहिले आणि वर शेवाळ माजलं.

त्या धुक्याच्या सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या, एका म्हाताऱ्याच्या, गालाला साबण लावून झाला होता, तेवढ्यात वरून हाक आली. मला खाली न्या. त्याने गारठा सांगितला, अरुंद जिना सांगितला, गिऱ्हाईक बसलंय म्हणाला.

"गिऱ्हाइकाला मी काय खाणार आहे?"

त्याने तिला पाठीवर घेतलं. कापसाच्या गाठोड्याएवढं वजन. म्हातारा साबणासकट खुर्चीतून उठला आणि तिला टाकीसमोर बसायला जागा झाली.

ती बघत राहिली. याची मान वर होईना.

"कुबडवाली आणलीत," ती शेवटी म्हणाली.

"घाई झाली गं."

तिने काचेवर बोट टेकलं. मासे बोटाशी आले.

"शेवाळ माजलंय. दोन गोगलगायी आणा. उलट्या पडल्या तर आपल्या आपण सरळ होतात, त्या जातीच्या. बाकीच्यांना हाताने सरळ करावं लागतं, तुमच्या लक्षात राहायचं नाही."

"चार आणतो की."

"दोनच. जास्त झाल्या तर खायला पुरत नाही, उपाशी मरतात."

"आणि बटणं? नवी आणू?"

"नको," ती म्हणाली. "आता तुम्हाला एकट्याला झेपेल तेवढंच ठेवा."

त्याने तिला वर नेऊन निजवलं, पांघरूण पायांखाली खोचलं. खाली आला तेव्हा म्हातारा खुर्चीत बसलेला होता, गालावरचा साबण वाळून पापुद्रे सुटले होते. सलूनवाल्याने ब्रश कढत पाण्यात बुडवला, वाटीत घोळवला आणि पुन्हा साबण चढवायला घेतला.