विमान परत नेणारी वहिनी

आमच्या वहिनीइतकी भित्री बाई अख्ख्या मिरा-भाईंदरमध्ये शोधून सापडणार नाही, आणि जिथे विमान उतरवताना भल्याभल्यांना घाम फुटतो तिथे कंपनी नेमकी तिलाच पाठवते. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हे दादाचं लग्न झाल्यापासून मला कळलेलं नाही. लेहला म्हणे चहूबाजूंनी डोंगर, मधे चिंचोळी दरी, हवा विरळ, आणि दिवस चढला की वारा पिसाळतो. तिथे उतरायचं तर आधी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, आणि विमान कॅप्टननेच उतरवायचं, बाजूला बसलेल्याकडे सोपवायचं नाही. अशी ही आमची कॅप्टन इंद्रलोकच्या नाक्यावर रस्ता ओलांडताना माझी बाही धरते. एकेरी रस्त्यावरसुद्धा दोन्हीकडे बघते. एकदा मी म्हटलं, "वहिनी, इकडून गाड्या येतच नाहीत." तर म्हणाली, "येऊ नयेत असं ठरलंय, भाऊजी. येणार नाहीत असं कुठे ठरलंय?"

तिचा आणखी एक गुण म्हणजे परत फिरणं. माणूस निघाला की पोचतो, असा आपला साधा समज असतो. वहिनीचं तसं नाही. भाईंदर पश्चिमेच्या मासळी बाजारात पापलेट निवडून होतं, भाव ठरतो, कोळीण कोयता उचलते, आणि वहिनी माशाचा कल्ला पुन्हा एकदा उघडून म्हणते, "नको मावशी, राहू दे." कोळीण मग माझ्याकडे बघून विचारते, "हिला घ्याचा हाय का न्हाय?" मलाच ठाऊक नसतं तर तिला काय सांगू. ठाण्याला मावसबहिणीच्या साखरपुड्याला निघालो, तेव्हा वरसावेच्या अलीकडे रिक्षावाल्याने लागोपाठ जांभया दिल्या म्हणून हिने रिक्षा सोडून दिली. दुसरी मिळेपर्यंत इतका वेळ गेला की आम्ही पोचलो तेव्हा तिकडे पंगती उठून ताटं धुवायला गेली होती. मावशी वर्षभर बोलली नाही. वहिनीला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. म्हणाली, "झोप येत होती त्याला. साखरपुडा काय, नंतर फोटोत बघता येतो."

तशात तिचं ते खुर्चीवरचं प्रकरण. लेहची पाळी आली की आदल्या दिवशी ती जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची भिंतीकडे वळवून बसते. डोळे मिटलेले. मग उजवा हात हळूच पुढे जातो, डावा खाली येतो, मान वळते, ओठ पुटपुटतात. सगळं उतरणं ती मनातल्या मनात करत असते, इतकं मला दादाने सांगितलं होतं. समोरच्या घरातल्या गुजराती बेनना कोणी सांगितलं नव्हतं. त्या ढोकळ्याची ताटली द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. संध्याकाळी अंगाऱ्याची पुडी घेऊन अप्पांकडे आल्या. "अप्पाजी, बहू के अंदर कोई आता है," त्या कुजबुजल्या. अप्पांनी पुडी घेतली, पण गोंधळले ते गोंधळलेच. रात्री मला म्हणाले, "बेन म्हणतात त्यात तथ्य नसेल ना रे?"

अप्पा म्हणजे आमचे वडील. रत्नागिरीला एसटीवर ड्रायव्हर होते. आंबा घाटात उभी हयात गेली. धुकं असो, दरड असो, गाडी डेपोत लावल्याशिवाय त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही, आणि सून पायलट आहे याचा त्यांना इतका अभिमान की सोसायटीच्या वॉचमनलाही त्यांनी तिचा गणवेशातला फोटो दाखवला होता. सुनेच्या विमानातून लेहला जायचं, हा त्यांचा हट्ट. शेवटी योग आला. दिल्लीहून भल्या सकाळी आम्ही दोघे तिच्या विमानात बसलो. स्पीकरवर तिचा आवाज आला तेव्हा अप्पांनी शेजारच्या गृहस्थांना सांगून टाकलं, "हमारी बहू है."

डोंगर जवळ आले. इतके जवळ की त्यांच्या अंगावरच्या वळ्या दिसायला लागल्या. विमान दरीत शिरलं, वळलं, खाली खाली गेलं. अप्पांनी चपला पायात सरकवल्या. आणि एकाएकी इंजिनं गरजली, नाक वर झालं आणि आम्ही पुन्हा ढगांकडे निघालो. थोड्या वेळाने वहिनीचा आवाज आला. मासळी बाजारातला तोच आवाज. वारा ठीक नाही, आपण दिल्लीला परत जात आहोत.

विमानात कालवा झाला. कुणाची बैठक होती, कुणाच्या घरी लग्न होतं. मागून एकजण मोठ्याने म्हणाला, "लेडी पायलट है, डर गयी होगी." शेजारच्या गृहस्थांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे कान लाल झाले होते, आणि तो राग त्या माणसावरचा की वहिनीवरचा, हे मला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

संध्याकाळी दिल्लीच्या हॉटेलात ती भेटायला आली. अप्पांनी सरळ विचारलं, "धावपट्टी दिसत होती?"

"दिसत होती, अप्पा."

"विमान ठीक होतं?"

"होतं की."

"मग? मी घाटातून कधी गाडी मागे आणली नाही, सूनबाई. माणसं बसलेली असतात, त्यांना पोचवायचं असतं."

वहिनी बोटातली अंगठी फिरवू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मलाही पोचवायचंच होतं," एवढंच ती म्हणाली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी तेच विमान, तीच माणसं, तीच वहिनी. अप्पा येतो म्हणाले, पण कपाळावरची आठी तशीच. मी डोंगर जवळ येताच डोळे मिटून घेतले. काही वेळाने अप्पांनी मला ढोसलं, "उतरलो की काय रे?" उतरलो होतो.

शिडीपाशी ती आम्हाला मिनिटभर भेटली. वारा उठायच्या आत तिला परत निघायचं होतं. अप्पा धापा टाकत चौफेर डोंगर बघत होते. म्हणाले, "काल आणि आजमध्ये फरक काय होता? मला तर आभाळ दोन्ही दिवशी सारखंच दिसलं."

"मलाही सारखंच दिसलं," वहिनी म्हणाली. "म्हणून तर नुसत्या डोळ्यांवर सोडत नाही, अप्पा." मग त्यांच्या मफलरची गाठ घट्ट करून ती शिडी चढून गेली.

आता दादा-वहिनी दिल्लीला राहतात. ती नव्या कॅप्टनांना लेह शिकवते. अधूनमधून स्वतःही जाते, आणि त्या दिवशी अप्पा फोन घेऊन गॅलरीत बसतात. "आज उतरलीस की फिरलीस?" उतरले म्हणाली तर "बरं केलंस." फिरले म्हणाली तरी "बरं केलंस." परवा न राहवून मी विचारलं, "अप्पा, त्या दिवशी ती का फिरली, ते तुम्हाला शेवटी कळलं का?"

"नाही," अप्पा म्हणाले. "पण घाटात धुकं असलं की तुझी आई मी घरी येईस्तोवर दारात उभी असायची. हे मला ती गेल्यावर शेजारणीने सांगितलं."

आणि फोन चार्जिंगला लावायला ते आत गेले.