स्पेनचं बाकडं आणि आमचे पाहुणे

आमच्या माजलगावच्या सुतारशेडमध्ये भुसा रोज झाडून काढतात. किस्से कुणी झाडत नाही, म्हणून ते साठत गेले.

पुण्याच्या एका शोरूमला परमुलखातल्या स्पेनच्या राजवटीत हातानं घडवायचे तसलं फर्निचर लागतं. जाड लाकूड, कातीव पाय, लोखंडी फुल्या. पहिली खुर्ची उचलायला चौघं लागलो. आमचे भानुदास मिस्त्री म्हणाले, "असल्या खुर्च्या घेऊन राज्य करत होते? म्हणूनच परत गेले असतील."

माल नवा, पण दिसायला जुना पाहिजे. म्हणून पॉलिशच्या आधी खुर्ची मोटारसायकलच्या चेननं बडवायची. ते काम माझं. एकदा मला बघायला एक स्थळ थेट शेडवर आलं. मुलीचा मामा दारातच थांबला. "कावून मारायलास बे तिला?"

मी चेन पाठीमागं लपवली. ते चहाला पण थांबले नाहीत.

लाकडाला किडा लागल्यासारखी भोकं मिस्त्री खिळ्यानं पाडतात. शेजारच्या काकूंना दया आली. त्यांनी एकेका भोकात वाळवीचं औषध ओतलं. मिस्त्री म्हणाले, "काकू, किडा मीच हाय."

सिरसाळ्याच्या एका पुढाऱ्यांनी तशीच खुर्ची हौसेनं नेली. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून परत. टेम्पोवाला म्हणाला, "सायेब म्हणतात, जुना माल दिला." मिस्त्रींनी भोकं बुजवली, रंधा मारला, चकचकीत पॉलिश केलं. साहेब खूश. "आता कशी स्पेनची वाटते!"

मग दुसरं स्थळ आलं. हे परत जाऊ द्यायचं नाही, असं आईनं ठरवलं होतं. पाहुण्यांना बसायला तिनं मिस्त्रींकडून स्पेनचं बाकडं एका दिवसासाठी मागून आणलं. सोबत मिस्त्रीही आले.

मुलीचे वडील, अप्पा, बाकड्यावर बसले. हात फिरवला. भोकं, ओरखडे, झिजलेले कोपरे. हळूच भावाला म्हणाले, "घरात एक बाकडं, तेबी किडकं."

मिस्त्रींना राहवलं नाही. "न्हाई अप्पा, नवंकोरं हाय. पोरानंच चेननं बडवलंय."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. अप्पांनी मुलीला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

ती म्हणाली, "चेन घरी आणता का कामावरच ठेवता?"

"कामावर."

"मग फोन द्या अप्पांना."

अप्पांनी ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि बाकड्यावर जरा सरकून जागा केली.

"बसा, जावईबापू."