आइसबॉक्समध्ये गरम पाणी

मार्च १९९७, शनिवार दुपार, आमचा मरीन परेडचा फ्लॅट. हजर: भाऊजी, त्यांची बायको सुमन, माझी मुलगी, मी आणि सहा आइसबॉक्स.

आइसबॉक्समध्ये गरम पाणी भरून ठेवणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मित्र निघाला. भाऊजी बोटीवर चीफ इंजिनियर. एका कानाने दगा दिला आणि कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना कायमचं किनाऱ्यावर बसवलं. लक्ष ठेवायला इंजिन उरलं नाही, म्हणून ते स्वयंपाकघरावर लक्ष ठेवू लागले. फ्रिजमध्ये थर्मामीटर टांगला. आमटी किती डिग्रीला वाढायची, हेही सांगू लागले. ‘‘ताई, यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर मी पुण्याला निघून जाईन,’’ असं सुमन मला म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती.

काम त्यांनी स्वतःच शोधलं: घरी बिअर. मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव तासभर गरम पाण्यात मुरवायचे, आणि तेवढ्या वेळात पाणी निवता कामा नये. पिकनिकचा आइसबॉक्स जसा गारवा धरतो तशीच उष्णताही, म्हणून त्याला तोच उत्तम, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. घरी बिअर करायला इथे तेव्हा बंदी होती, आणि भाऊजी तर रिकामा रस्ताही सिग्नल मिळाल्याशिवाय न ओलांडणारे. ‘‘कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपली तयारी हवी,’’ असं म्हणून ते घरोघरचे आइसबॉक्स मागून आणू लागले. एक तर बेटाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बुकित पंजांगहून बसने, मांडीवर घेऊन आणला. आत काय आहे, असं ड्रायव्हरने विचारल्यावर ‘सध्या काही नाही’ हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की त्याने झाकण उघडायला लावलं.

कोणता डबा पाणी जास्त गरम ठेवतो, याची त्या शनिवारी अंतिम फेरी होती. सहाही डबे गरम पाण्याने भरून भाऊजी माझ्या हॉलमध्ये स्टूल टाकून बसले. एकाचं झाकण वाकलं, एक आतून फुगला, एकातून जुन्या कोळंबीचा वास सुटला.

‘‘अंकल, ऑल सेम लाह,’’ मुलगी इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

‘‘सगळं सेम असतं तर माझी नोकरी कोणीही केली असती.’’

तासाभराने निकाल लागला. आमचाच निळा आइसबॉक्स जिंकला. भाऊजींनी ड्रिल काढलं. नळासाठी तळाशी भोक पाडायचं होतं. मग आमच्या पिकनिकचं काय, असं मी विचारणार होते, पण सुमन माझ्याकडे बघत होती.

‘‘पाडा,’’ मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिलीने फुली मारली, ड्रिल टेकवलं आणि थांबले. ‘‘वहिनी, भोक पडलं की मग काय उरलं?’’

‘‘बिअर करणं.’’

‘‘ती तर करता येत नाही.’’

ड्रिल तसंच धरून ते बसून राहिले.

‘‘भाऊजी, नळाचं ठरलंय का?’’ मी विचारलं. ‘‘गरम पाण्यात वॉशर टिकला नाही तर?’’

‘‘वॉशर,’’ ते म्हणाले. ड्रिल खाली ठेवलं आणि लगेच चपला शोधू लागले.

सुमन पुण्याला गेली ती फक्त सुट्टीपुरती. आमचा आइसबॉक्स त्यांच्या बाल्कनीत गेला, आणि त्याच्याभोवती नळ जमत राहिले. पुढे काही वर्षांनी कायदा खरंच बदलला. मी लगेच फोन केला.

‘‘वाचलं,’’ भाऊजी म्हणाले. आवाज जरा थकलेला होता. ‘‘पण पितळी नळ की स्टीलचा, तेवढं बघतोय.’’

‘‘बघा सावकाश,’’ मी म्हटलं.

भोक अजून पाडायचं आहे.