सही कोणाची?

मिसळीची थाळी समोर आली की काका आधी शर्टाच्या खिशातून भिंग काढायचे. पापड उजेडाकडे धरून बघायचे, तर्री निरखायचे आणि वेटरला गंभीरपणे विचारायचे, "आजच्या रश्श्यावर सही कोणाची?" वेटर नवा असला तर गोंधळायचा. जुना असला तर आत ओरडून सांगायचा, "शेठ, क्वालिटीवाले काका आलेत." मग काका पहिला घास घ्यायचे, जरा वेळ डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पास."

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं. मूळचे देवळ्याकडचे, पण उभी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात गेली. तयार झालेला प्रत्येक तुकडा मोजायचा, तपासायचा आणि कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर तपासायला तुकडे उरले नाहीत, म्हणून ते जग तपासायला लागले. पाण्याच्या टाकीचं झाकण, लिफ्टचा दरवाजा, गॅसवाल्याचा वजनकाटा, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. कुठे काही वाकडं दिसलं की प्रश्न ठरलेला: "यावर सही कोणाची?"

काकू सांगायच्या, "एकदा हे रजेवर असताना माल तपासला गेला. साहेब म्हणाले, तुमची सही टाका, नुसती फॉर्मालिटी आहे. हे म्हणाले, मी बघितलं नाय, मी सही करत नाय. दोन वर्षं स्टोअरला बसवलं यांना. पण सही केली नाही." हे सांगताना काकूंच्या आवाजात तक्रार असायची आणि चेहऱ्यावर अभिमान.

आता तुम्हाला वाटेल, अशा माणसाचा आणि तलवारी, जादू, राक्षसांच्या व्हिडिओ गेमचा काय संबंध? संबंध त्यांच्या मुलाने जोडला. तो परदेशी जाताना आपलं गेमचं मशीन मागे ठेवून गेला. काकू त्याला डबा म्हणायच्या आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घालायच्या. एकदा काकांनी माझं दार वाजवलं. "तू ते खेळतेस ना? मला फक्त चालू कसं करायचं ते दाखव. पडून पडून खराब होईल."

मी दाखवलं, आणि काका त्या राज्यात राहायलाच गेले.

खेळायची त्यांची पद्धत अशी, की बघणाऱ्याला झोप यावी. आम्ही बाकीचे राक्षस मारत सुटतो. काका गावात हिंडायचे. विहीर बघायचे, खानावळीत शिरायचे, दिसेल त्याच्याशी बोलायचे. काकू म्हणायच्या, "तिकडच्या खेड्यात यांना सगळे ओळखतात. इकडे तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं, ते मला विचारतात."

आम्ही सगळे खेळाच्या पाचपन्नास नोंदी ठेवतो. चुकलं की मागची नोंद उघडायची आणि पुन्हा खेळायचं. काकांची नोंद एकच. खेळ पुढे सरकला की जुनी पुसून तिथेच नवी लिहिली जायची. मी दहादा सांगून बघितलं. ते म्हणायचे, "मशीनवर पार्ट एकदाच कापला जातो, ॲडमिनबाई. मागं जाता येतं म्हटलं की हात ढिला पडतो."

ॲडमिनबाई म्हणजे मी. त्या खेळाच्या मराठी खेळाडूंचा एक ग्रुप मी चालवायचे. मीच काकांनाही त्यात घेतलं होतं. तिथे त्यांनी जे लिहिलं, ते माझ्याकडे अजून जपलेलं आहे. त्यांची प्रतिक्रिया म्हणजे तपासणीचा अहवाल असायचा. 'निरीक्षण: खानावळीतल्या दाराजवळच्या खुर्चीचा मागचा डावा पाय जमिनीला टेकत नाही. शेरा: बसणारा पडू शकतो.' आणि खाली वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. पोरं हसायची. काही महिन्यांनी खेळात सुधारणा आल्या तेव्हा तो पाय जमिनीला टेकलेला होता. कंपनीने काकांचं ऐकलं की तो योगायोग होता, देव जाणे. काकांनी मला हाक मारून नेलं आणि पडद्यावरची खुर्ची दाखवली.

त्या गावात एक लोहार होता. तो खेळाडूकडे सात खास दगड मागतो. सातवा दगड मिळाला की त्यातून एक तलवार घडवतो, भट्टी विझवतो आणि गाव सोडून कायमचा निघून जातो. तलवार उत्तम असल्यामुळे सगळे दगड देऊन मोकळे होतात. काकांनी सहा दिले. सातवा मिळवला आणि थैलीत ठेवून दिला. रोज सकाळी चहा घेऊन ते त्या भट्टीपुढे उभे राहायचे. लोहार ऐरणीवर घण मारत असायचा. खोलीभर तोच ठणठण आवाज.

"काका, देऊन टाका ना दगड. तलवार मिळेल."

"आणि तो?"

"तो जाईल निघून. गोष्टच तशी आहे."

"म्हणूनच देत नाय. काम संपलं की माणूस सकाळी उठून कुठं जातो, ते मला माहीत हे." एवढं म्हणून ते पुन्हा घणाकडे बघायला लागले. मी नंतर तो विषय काढला नाही.

मग जोडभाग आला. मूळ खेळ जुना झाला की कंपनी त्याला नवा प्रदेश, नवी गोष्ट जोडून विकते; आम्ही त्याला डीएलसी म्हणतो. त्याची वाट बघणं हा आमच्यासारख्यांचा सण असतो. काय चांगलं, काय वाईट यावर पहिल्याच दिवशी तावातावाने बोलायचं, हा त्या सणाचा फराळ. मी ग्रुपवर आधीच मोठी सूचना लावली होती: 'नवा भाग सुरू करण्यापूर्वी जुन्या खेळाची वेगळी नोंद ठेवा. चेतावणी वाचल्याशिवाय हो दाबू नका.' लोक शहाणी म्हणून मला मानायचे, ते अशा सूचनांमुळेच.

त्याच बुधवारी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. "नवा भाग फक्त उतरवून ठेव. चालू करू नको. पट्टी निघाली की मी स्वतः करीन."

सकाळी ते दोघं दवाखान्यात गेले. माझ्या घरचं इंटरनेट नेमकं बंद पडलं होतं, आणि ग्रुपवर विचारणा सुरू होती: ॲडमिन, कसा आहे? ॲडमिन, घेऊ का? समोरच्या घरात काकांच्या डब्यावर सगळं उतरून तयार होतं. नुसती सुरुवात बघू, असं मी मनाशी म्हटलं. रुमाल काढून बाजूला ठेवला. काकांचं पात्र गावात, भट्टीपुढेच उभं होतं. मी त्याला नव्या प्रदेशाला जायच्या नावेसाठी नदीच्या घाटावर नेलं. नावाड्यापाशी पडद्यावर काही ओळी आल्या आणि खाली दोन शब्द: हो, नाही. मी हो दाबलं. ओळी वाचल्या नाहीत. असल्या ओळी कोण वाचतं?

चाळीस मिनिटं खेळले. सुरेख होतं. तिथेच काकांच्या सोफ्यावर बसून मी ग्रुपवर लिहिलं, 'सुरुवात अप्रतिम, डोळे झाकून घ्या.' धडाधड अंगठे आले. मग काकांचं पात्र गावी परत आणून ठेवावं म्हणून मी नाव वळवली. घाटावर उतरले तेव्हा ठणठण ऐकू आली नाही. भट्टीचं दार बंद होतं आणि त्यावर आडवी फळी ठोकलेली होती. जुन्या प्रदेशातली अर्धवट कामं कायमची बंद होतील, असं त्या ओळींत लिहिलेलं होतं. आणि नोंद एकच.

मी डबा बंद केला. रुमाल होता तसा घातला, त्याची टोकंसुद्धा जुळवली. टोकं जुळवणारे माझे हात मला अजून आठवतात.

शनिवारी काका काळा चष्मा लावून डब्यापुढे बसले. दहा मिनिटांत मला हाक आली.

"भट्टी बंद हे."

माझ्या तोंडून आलं ते असं: "डीएलसीचा बग आहे काका. बऱ्याच जणांना आलाय."

"बऱ्याच जणांना?"

"हो ना. कंपनी दुरुस्त करेल."

हे वाक्य मी इतकं सहज बोलले, की मला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. काकांनी मात्र खरं मानून काम सुरू केलं. अहवाल लिहिला. कंपनीला पाठवला आणि ग्रुपवरही टाकला: 'निरीक्षण: नवा भाग बसवल्यावर लोहाराची भट्टी आपोआप बंद. सातवा दगड थैलीत तसाच. शेरा: गंभीर दोष.'

त्या आठवड्यात ग्रुप पेटलेलाच होता. नवा प्रदेश लहान आहे, शेवट घाईत उरकलाय, नाव फार हळू चालते, शेवटचा राक्षस मारताच येत नाही. नवा भाग ज्यांनी घेतलाही नव्हता, त्यांची मतं सर्वांत ठाम होती. त्यात काका सापडले. 'काका, चेतावणी येते. तुम्हीच हो दाबलं असणार.' 'चष्मा लावून खेळत जा.' हसणारी चित्रं तर किती. काका प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर द्यायचे आणि शब्द तेच असायचे: 'मी हो दाबलेलं नाही. न वाचता मी काही दाबत नाही.' असं तीन दिवस चाललं. मी ते सगळं वाचत होते. एका वाक्यात थांबवता आलं असतं. चौथ्या दिवशी मी ॲडमिन म्हणून लिहिलं, 'हा विषय आता पुरे.' लोकांनी माझ्या समंजसपणाचं कौतुक केलं.

कंपनीचं उत्तर आलं. खेळात एक रोजनिशी असते, कोणतं काम कधी केलं ते तारीखवार सांगणारी. तिच्यातला तपशील त्यांनी मागितला होता. काकांनी मला बोलावलं. पडद्यावर रोजनिशी उघडलेली होती.

"डोळ्यात थेंब टाकलेत, धूसर दिसतंय," ते म्हणाले. "ती ओळ वाच. जुना प्रदेश सोडला, त्याच्यापुढं वार कोणता?"

पुढे लिहिलं होतं, बुधवार, सकाळी अकरा वीस. त्या वेळी काका ऑपरेशनच्या टेबलावर होते.

"शनिवार," मी वाचलं.

"नीट बघितलंस?" काकांनी विचारलं.

"हो. शनिवारच."

"बरं," ते म्हणाले. काकूंनी आतून विचारलं, "चहा टाकू का गं?" मी नको म्हणून निघाले. दाराशी चपला घालताना मागे बघितलं. काका तसेच बसलेले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात भिंग होतं. पापडाच्या कडा बघायला जे बाहेर यायचं, ते भिंग. वार वाचायला त्यांना माझी गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा शेवटचा अहवाल आला. 'निरीक्षण: लोहाराची भट्टी बंद. कारण: माझ्या हातून चेतावणी न वाचता हो दाबलं गेलं. कंपनीचा दोष नाही. नव्या भागात बग नाही. आधीचा अहवाल रद्द समजावा. सर्वांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

'बघा, म्हटलं नव्हतं?' असं पोरांनी लिहिलं. पुन्हा हसणारी चित्रं आली. मी फोन पालथा ठेवला. साहेबाने सांगूनही ज्या माणसाने कधी न बघितल्या मालावर सही केली नाही, त्याने माझ्या मालावर केली होती.

त्यानंतरही ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले, हे जास्त अवघड होतं. रविवारी मिसळीला हाक मारायचे. भिंग काढायचे, पापड बघायचे. वेटर वाट बघत उभा राहायचा, आणि काका म्हणायचे, "ठेव." प्रश्न विचारायचं त्यांनी सोडलं. वेटरला वाटलं, काकांचं वय झालं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घर भाड्याने दिलं आणि दोघं देवळ्याला भावाकडे राहायला गेले. सामानाचा टेम्पो खाली उभा होता. मी चहा करून नेला. आलं फार पडलं होतं, साखर कमी होती. मुद्दाम नव्हतं केलं, पण कप त्यांच्या हातात देताना मला वाटलं, आता विचारतील. या चहावर सही कोणाची? मी उत्तर तयार ठेवलं होतं. माझी, काका. चहावरची, बुधवारचीही.

काकूंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. काकांनी पूर्ण कप संपवला.

"छान झालाय," ते म्हणाले, आणि कप विसळून माझ्या हातात दिला.

तुम्ही म्हणाल, देवळा काही परदेशात नाही, फोन आहे, बस आहे. खरं आहे. काकूंचा फोन येतो अधूनमधून. काका तिथे कांद्याच्या चाळीत फिरतात आणि भावाला भंडावून सोडतात म्हणे. डबा रुमालाखालीच आहे. मी दर वेळी म्हणते, काकांना द्या ना जरा. काकू त्यांना हाक मारतात. तेवढ्यात मी सांगते की नको, घाईत आहे, नंतर करते.